गप्प बसलेली आत्या

स्नेहलतागंजातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात समोरच्या भिंतीवर मधोमध बुद्धाची तसबीर होती, तिच्या एका बाजूला पलटणीच्या वर्दीतला आजोबांचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला घड्याळ. आजीचा फोटो नव्हता. तो कुठेच नव्हता. महूला पलटणीच्या लाइनीत फोटोवाला आला त्या दिवशी आजी दळण घेऊन गिरणीवर गेली होती, आणि ती परत आली तेव्हा तो पेटी बांधून सायकलवर बसला होता, एवढंच आम्हांला माहीत होतं. ही गोष्ट विमलआत्या सांगायची आणि दर वेळी दळणाचं वजन थोडं वाढायचं. आजी दिसायला कशी होती असं मी विचारलं की पप्पा जरा वेळ विचार करायचे आणि म्हणायचे, "चांगली होती." त्यापुढे त्यांना सांगता येत नसे.

घड्याळ नेहमी वीसएक मिनिटं पुढे असायचं. ती आजोबांची शिस्त. पलटणीत जो वेळेवर पोचतो त्याला उशिरा आला म्हणतात, असं ते म्हणत. आजोबा गेल्यावर शिस्त गेली, घड्याळ तेवढं पुढे राहिलं. मग घरातल्या प्रत्येकानं मनातल्या मनात वजाबाकी सुरू केली. मी वीस मिनिटं वजा करायचो, आई पंधरा, आणि आत्या महूहून आली की सरळ अर्धा तास. हे पप्पांच्या लक्षात आलं की ते स्टुलावर चढून काटा गुपचूप आणखी पुढे सरकवायचे. पप्पा बिजली ऑफिसात बाबू होते, हिशेबाला पक्के. पण आपल्याच घरात या क्षणी किती वाजलेत हे त्यांनाही खात्रीनं सांगता आलं नसतं. खरी वेळ कळायची ती पलीकडच्या शाळेच्या घंटेवरून. रविवारी तीही नसायची, त्यामुळे रविवारी आम्ही वेळेशिवायच जगत होतो, आणि आज वाटतं, मजेत जगत होतो. सकाळी वंदना, मग पप्पांच्या बूट-पॉलिशचा वास, स्वयंपाकघरात पोह्यांवर झाकण पडल्याचा आवाज, आणि आईची हाक, की शेव कोणी संपवली.

शेव बहुधा मीच संपवलेली असायची आणि मी ते लगेच कबूल करायचो. माझा हा स्वभाव इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यामुळे घडलं. एखादी चूक, एखादं खोटं माझ्या पोटात अर्धा दिवससुद्धा टिकत नाही. लहानपणी घरातली शेव खाल्ल्याचं मी एकदा शाळेत मास्तरांना सांगून आलो होतो. मास्तरांना कळेना की याचं आपण काय करायचं. आता पन्नाशी जवळ आली तरी फरक नाही. ऑफिसात कोणी न विचारता मी आपली चूक सांगायला साहेबांच्या केबिनमध्ये जातो आणि साहेब दमलेल्या आवाजात म्हणतात, "बैठिए, बताइए, आज क्या हुआ."

कॉलेजात माझा एकच जवळचा मित्र होता, लखन. सांवेरकडचा, घरची सोयाबीनची शेती. हॉस्टेलात राहायचा आणि रविवारी जेवायला आमच्याकडे. आईच्या हातची भाकरी आणि तिखट वरण त्याला इतकं आवडायचं की तो माळवी सोडून तोडकीमोडकी मराठी बोलायला लागला होता. त्याला सिनेमा काढायचा होता. कोणाच्या तरी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मामाकडून त्यानं व्हिडिओ कॅमेरा मागून आणला होता, आणि तुकोगंजातल्या एका सभागृहात लघुपटांचा महोत्सव भरणार असल्याचं कळल्यापासून त्याची झोप उडाली होती. गोष्ट तयार होती. एक म्हातारी शिवणयंत्र घेऊन गावच्या स्टॉपवर उभी आहे आणि एकही बसवाला यंत्र चढवून घेत नाही. एवढंच. बाई मात्र मिळत नव्हती. अशात एका रविवारी आत्या महूहून आली, दारातूनच बोलत आत शिरली, रिक्षावाल्याशी झालेलं भांडण तिनं दोन्ही आवाजांत करून दाखवलं, आणि लखनचा भाकरीचा घास हातातच राहिला. तो मला कानात म्हणाला, "भिया, मिल गई."

आत्या पप्पांची थोरली बहीण. महूच्या एका दवाखान्यात तिनं नर्स म्हणून उभा जन्म काढला होता. तिच्या वॉर्डातले पेशंट लवकर बरे होऊन घरी पळतात, कारण सिस्टर बोलायची थांबत नाही, असं डॉक्टर म्हणायचे म्हणे. म्हणायचे हेही तीच सांगायची. लखनच्या सिनेमात म्हातारी एक शब्दही बोलणार नव्हती. हे ऐकून पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सांवेरच्या रस्त्यावर आम्ही दोन दिवस शूटिंग केलं. माझं काम माईक धरायचं. यंत्राच्या चाकाची घरघर, ट्रॅक्टरची धडधड, बसचा भोंगा, हे सगळं मी मन लावून टिपलं. पण प्रत्येक वेळी मध्येच आत्याचा आवाज यायचा. कंडक्टर बनलेल्या लखनच्या काकांना ती तिकिटाचे भाव विचारायची, बघ्यांना त्यांची पोरं कितवीत आहेत ते विचारायची. शेवटी लखननं हात जोडले आणि तिच्या तोंडात पाण्याचा घोट धरायला दिला. कॅमेरा चालू असेतो गिळायचा नाही. त्या सिनेमात आत्याचे गाल फुगलेले दिसतात ते रागानं नाही, पाण्यानं. लोकांना तो राग वाटला आणि फार आवडला. फक्त अगदी शेवटच्या दृश्यात तोंडात पाणी नाही. काम संपलं होतं, यंत्र एकदाचं बसमध्ये चढलं होतं, आत्या दमून खिडकीशी बसली होती आणि बाहेर शेतांकडे बघत होती. तिला वाटलं कॅमेरा बंद आहे. लखननं तो बंद केलाच नव्हता.

याच दिवसांत आत्याचं महू सुटायचं ठरलं होतं. तिचा मुलगा नागपूरला होता, तो येऊन सामान घेऊन गेला होता, आणि महोत्सवाच्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं आत्या कायमची नागपूरला जायची होती. लखननं तिला सिनेमा कॉम्प्युटरवर दाखवायची तयारी केली होती. ती म्हणाली, त्या डबड्यावर नाही बघणार, मोठ्या पडद्यावर बघेन, एकदाच बघेन. महूत तिनं झाडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिला त्या पडद्यासमोर वेळेवर नेऊन बसवायची जबाबदारी लखननं माझ्यावर टाकली.

सिनेमा अकराला होता. घरचं घड्याळ आणि घरची माणसं ओळखून मी सगळ्यांना दहा सांगितले. आजही वाटतं, त्या दिवशी मी तेवढ्यावर थांबलो असतो तर हे प्रकरण लिहायची गरज पडली नसती.

महोत्सवाच्या रविवारी सकाळी उठून बघतो तर आदल्या रात्री मुक्कामाला आलेली आत्या तयार. निळी जरीकाठाची साडी, केसांत पिन, मांडीवर पर्स, आणि पर्सवर दोन्ही हात ठेवून पलंगाच्या कडेवर बसलेली. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं बसतात तशी. मला म्हणाली, "बघ रे संजू, तू दहा म्हणालास ना, मी कधीची रेडी होऊन बसली."  ज्या बाईला जन्मात कोणी वेळेवर तयार झालेलं पाहिलं नव्हतं, ती माझ्या शब्दावर विश्वासून बसली आहे, आणि तो शब्द खोटा आहे. वंदना चालू असतानाही माझं लक्ष लागेना. वंदना संपली आणि मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगून टाकलं, की सिनेमा दहाला नाही, अकराला आहे. तुम्ही उशीर कराल म्हणून मी खोटं बोललो. मला माफ करा.

कोणी रागावलं नाही. उलट घरात एकदम सुट्टी लागल्यासारखं झालं. आत्या म्हणाली, मग ही साडी आतापासून कशाला चुरगळू, आणि ती बदलून घरातली नेसली. आई म्हणाली, मग पोहे करते, उपाशी पोटी कोणी सिनेमा बघू नये. पप्पा म्हणाले, बहीण पडद्यावर येणार, वाटायला जलेबी पाहिजे. मी स्कूटरवर जाऊन जलेबी घेतो आणि तिकडूनच सरळ हॉलवर येतो, तुम्ही ऑटोनं या. जाताना त्यांनी दारातून घड्याळाकडे एकदा बघितलं होतं, हे मला नंतर आठवलं.

पोहे झाले, त्यावर शेव पडली, जिरावन मसाला भुरभुरला, आत्यानं दुसऱ्यांदा घेतले. शेजारची मंडळी निरोप द्यायला येऊन गेली. मी अधूनमधून घड्याळ बघत होतो आणि इमानदारीत वीस मिनिटं वजा करत होतो. आई पंधरा करत होती. आत्याचा अर्धा तास ठरलेलाच. तुकोगंज तर हाकेच्या अंतरावर. जवळच्या ठिकाणी माणूस जितका उशिरा पोचतो तितका लांबच्या ठिकाणी पोचत नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

ऑटोतून उतरलो तर फाटकापाशी पप्पा उभे. हातात जलेबीचं पुडकं, कागदातून पाक झिरपून शर्टाच्या बाहीवर उतरलेला.  जिन्यानं वर चढत होतो तेवढ्यात आतून टाळ्या ऐकू आल्या, चांगल्या जोरात, बराच वेळ. दार उघडून लखन बाहेर आला. चेहरा नुसता फुललेला. तो आत्याच्या पाया पडला आणि म्हणाला, "आत्याजी, ताली सुनी?"

"ऐकली ना. कोणासाठी रे?"

"आपके लिए."

आत्याला समजायला एक क्षण लागला. मग ती जिन्याजवळच्या बाकावर बसली. सकाळी पलंगावर बसली होती तशीच, पर्सवर दोन्ही हात ठेवून. मी पप्पांकडे वळून म्हणालो, की आपल्या घड्याळानं तर अजून वेळ होता, मी वीस मिनिटं काढून सांगतो आहे. पप्पांनी जलेबीचं पुडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. म्हणाले, "घड्याळ मी काल बरोबर केलं होतं. ताईचा दिवस आहे, म्हटलं आज तरी घरात खरी वेळ असू दे."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत वजाबाकी केली असती."

मग तुम्ही तरी आत जाऊन बघायचा, असं आई त्यांना म्हणाली. ते म्हणाले, तिच्याआधी मी कसा बघू. ते वेळेवर पोचले होते आणि सगळा वेळ फाटकाशी उभे राहिले होते.

आयुष्यात पहिल्यांदा पप्पांनी घड्याळ खरं केलं होतं आणि मी नेहमीप्रमाणे खरं बोललो होतो, एकाच दिवशी. दोघांच्या खरेपणाखाली आत्याचा सिनेमा सापडला. मी बाकाजवळ खाली बसलो आणि माफी मागायला लागलो. आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण ती काही बोलली नाही. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लखननं मला कोपऱ्यात ओढून सांगितलं, आत परीक्षक म्हणून पुण्याच्या एक बाई आल्या आहेत, नियमाच्या फार कडक, आज घड्याळाच्या ठोक्याला कार्यक्रम सुरू केला त्यांनी. त्यांना बोल की मशीन में गड़बड़ थी, आवाज नी आई, दोबारा दिखाओ. मी म्हणालो, पण आवाज आला होता ना? लखन म्हणाला, "अरे यार, तू एक बार झूठ बोल के तो देख, मरेगा नी."

आत चर्चा सुरू झाली होती. प्रेक्षकांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का, असं निवेदक म्हणाला, आणि लखननं मागून माझा हात वर केला. माईक माझ्याकडे आला. वाक्य मी पाठ केलं होतं. आवाज आला नाही, एवढं म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, समोर त्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या, आणि मी आजोबांच्या पलटणीपासून सुरुवात केली. घड्याळ, वजाबाक्या, दहा आणि अकरा, वंदना, पोहे, पप्पांनी सरकवलेला काटा, संध्याकाळची नागपूरची गाडी, सगळं. हिंदीत सुरू केलं, मध्येच मराठीत गेलो, परत आलो. हॉल आधी कुजबुजला, मग हसायला लागला. मी जितका कळवळून सांगू तितके ते जास्त हसत होते. घामानं माईक हातातून निसटत होता.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मराठीत विचारलं, "म्हणजे तुमचं घड्याळ बरोबर होतं, म्हणून तुम्हांला उशीर झाला?"

"हो."

"आणि तुम्ही खरं बोललात, म्हणूनही?"

"हो. चूक माझी आहे."

त्यांनी पुढ्यातले कागद नीट लावले. स्पर्धेतला चित्रपट दुसऱ्यांदा दाखवता येणार नाही, तो नियम आहे आणि तो मोडला जाणार नाही, असं त्या म्हणाल्या.  मग त्यांनी निवेदकाला विचारलं, जेवणाची सुट्टी किती आहे. "सुट्टीत पडदा रिकामाच असतो. रिकाम्या पडद्याबद्दल नियमांत काही लिहिलेलं नाही."

जेवायला कोणी बाहेर गेलंच नाही. लोक प्लेटी घेऊन आत आले. पहिल्या रांगेत मधोमध आत्या, तिच्या एका बाजूला पप्पा, दुसरीकडे आई, आणि त्या पुण्याच्या बाई मागच्या रांगेत हातात जलेबीचा तुकडा घेऊन. अंधार झाला. पडद्यावर रस्ता आला, स्टॉप आला, शिवणयंत्र आलं, आणि आत्या आली, आमच्या घराच्या भिंतीएवढी मोठी.

आत्यानं बोलायला सुरुवात केली. आधी हळू, फक्त आईला: "ही साडी बघ, तुझीच आहे." मग जरा मोठ्यानं: "इथं मला छींक येऊन राहिली होती, कशी रोकली मला माहीत." एक बस न थांबता गेली तेव्हा ती पडद्यावरच्या ड्रायव्हरला म्हणाली, "जा, जा, डिझेल संपेल तुझं." कंडक्टरनं यंत्राला हात लावला तेव्हा तिनं मागे वळून सगळ्या हॉलला सांगितलं की हा माणूस तसा भला आहे, ह्याच्या घरी आम्ही दाल-बाफले खाल्ले. गाल फुगलेले दिसले की ती "पाणी, पाणी" म्हणायची आणि लोक हसून हसून प्लेटी सांभाळायचे. सकाळी ज्यांनी तो सिनेमा शांतपणे बघितला होता तेच आता तो दुसरा सिनेमा असल्यासारखे बघत होते. लखननं कपाळाला हात लावला होता, पण तोही हसत होता.

मग यंत्र बसमध्ये चढलं आणि ते शेवटचं दृश्य आलं. खिडकी, बाहेर पळणारी शेतं, आणि खिडकीशी दमलेला चेहरा. तोंड मिटलेलं. ऊन येत-जात होतं. आत्या बोलता बोलता थांबली. मी तिच्याकडे बघितलं. ती पुढे वाकली होती. पडदा काळा झाला तरी ती तशीच होती.

"मोहन," ती पप्पांना म्हणाली. "ती आई होती रे."

 पप्पांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"मी गप्प बसले की आईसारखी दिसते. हे मला कोणी कधी सांगितलंच नाही."

"तू कधी गप्प बसलीस, ताई?" पप्पा म्हणाले.

आत्या हसली, तोंडावर पदर घेऊन खूप वेळ हसली. पप्पा मात्र उठले. माझ्या पप्पांनी कधी दुकानदाराकडे सुटे पैसेसुद्धा दुसऱ्यांदा मागितले नव्हते. ते सगळ्या हॉलसमोर चालत लखनपाशी गेले आणि म्हणाले, "बेटा, वो आखिरवाला, एक बार और लगा दे."

तिसऱ्यांदा फक्त तेवढंच दृश्य लागलं. या वेळी हॉलमध्ये कोणी बोललं नाही, आत्याही नाही.

लखनच्या सिनेमाला बक्षीस मिळालं नाही. संध्याकाळी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो, आणि घड्याळावरचा विश्वास उडाल्यामुळे इतके लवकर गेलो की फलाटावर आधी दुसरीच गाडी येऊन गेली. आत्या खिडकीशी बसली, म्हणाली, बघा, आता परत गप्प बसते, आणि गाडी हलेपर्यंत बोलत राहिली. फलाटावरून परत येताना पप्पा मला एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी खरं बोलायचं असेल तर आधी सगळ्यांना ऑटोत बसवायचं.

पुढे लखननं त्या दृश्याचा फोटो काढून मोठा करून आणला आणि पप्पांनी तो आजोबांच्या शेजारी लावला. आत्यानं नागपूरहून फोनवर तंबी दिली, की मी जिवंत आहे, हार घालायचा नाही. पप्पांनी घातला नाही. पण घरी आलेल्या कोणी विचारलं, या कोण, तर ते "आमची आई" म्हणायचे, आणि मी आतल्या खोलीत कासावीस व्हायचो.

आता पप्पा नाहीत, आत्याही नाही. ती भिंत माझ्या घरात आली आहे, बुद्ध, आजोबा, तो फोटो आणि घड्याळ, पुन्हा वीस मिनिटं पुढे. मध्यंतरी माझ्या मुलीनं फोटोकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, लाइनीतला फोटोवाला, दळण, शिवणयंत्र, पाण्याचा घोट. मी म्हणालो, "तुझी पणजी." ती "बरं" म्हणाली आणि खेळायला गेली. मी तिच्यामागे जाऊन काही कबूल केलं नाही. रात्री झोपही शांत लागली.